तैनातीहून परतलेली 'ती': प्रार्थनास्थळांनी काय करावे, काय टाळावे

अमेरिकेत सुमारे २० लाख स्त्रिया माजी सैनिक आहेत. १९४८च्या कायद्याने त्यांना सैन्यात कायमची जागा दिली. २०१६पासून सगळी लढाऊ पदेही खुली झाली. घरी परतल्यावर त्यांच्यातल्या काही जणी डॉक्टरच्या आधी चर्च, गुरुद्वारा किंवा मंदिराची पायरी चढतात. तिथल्या सेवेकऱ्यांसाठी ही यादी.

काय करावे

- "तुम्ही स्वतः सैन्यात होता का?" असे विचारा. माजी सैनिकांचा सत्कार म्हटला की नजरा नवऱ्याकडे वळतात. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचे (व्हीए) ब्रीदवाक्यसुद्धा २०२३पर्यंत फक्त पुरुषांबद्दलच बोलत होते.
- नेमकी मदत देऊ करा. "काही लागलं तर सांगा" म्हटल्यावर कोणी सांगत नाही. "मंगळवारी मुलांना शाळेतून आणतो, गुरुवारी डबा देतो" असे बोला.
- बसायची जागा तिला निवडू द्या. पाठीशी भिंत आणि समोर दार असले की काहींना निर्धास्त वाटते. दिवाळीचे फटाके, गणपतीचा ढोल-ताशा यांची आधी कल्पना द्या.
- स्त्रियांचा छोटा गट जमवा. तो चालवणारी स्वतः माजी सैनिक असेल तर उत्तम. मुले सांभाळायची सोय ठेवा.
- पुढचा रस्ता माहीत असू द्या. समुपदेशनासाठी माजी सैनिकांचे व्हेट सेंटर आहे. व्हीएच्या रुग्णालयात स्त्रियांसाठी वेगळी समन्वयक असते आणि चॅप्लेनही (धर्मसेवक) भेटतो. जिवावर बेतले तर ९८८ लावून १ दाबायचे. ही सेवा चोवीस तास असते.

काय टाळावे

- क्षमेची घाई. काहींनी सैन्यातच, सहकाऱ्यांकडून लैंगिक अत्याचार सोसलेला असतो. "माफ करून मोकळी हो" हे तिला सांगू नका. त्या वेळी तक्रार केली नसली तरी त्यावरचे उपचार व्हीएकडे मोफत मिळतात, हे सांगा.
- देवाच्या वतीने निवाडा. आपल्या हातून जे घडले किंवा जे थांबवता आले नाही, त्याची टोचणी तिला असू शकते. "देवाची इच्छा", "कर्माचे फळ", "ते तर कर्तव्यच होतं" यांतले काहीही न बोलता ऐकून घ्या.
- औषधाऐवजी उपवास किंवा जप. प्रार्थना उपचारांच्या जोडीने चालू द्या. गोळ्या बंद करायचा सल्ला कधीही देऊ नका.
- प्रार्थनेच्या नावाखाली बोभाटा. सैन्यातल्या चॅप्लेनला सांगितलेले त्याच्यापाशीच राहते, याची तिला सवय असते. "तिच्यासाठी प्रार्थना करा" असा निरोप तिला न विचारता व्हॉट्सॲपवर टाकू नका. व्यासपीठावर तिची कहाणीही सांगायला लावू नका.
- श्रद्धेची अट. ती प्रार्थनेला आली नाही, तरी डबा जायलाच हवा.

पहिल्या महिन्यात विचारपूस करणारे पुष्कळ असतात. सहाव्या महिन्यात फोन कोण करणार, त्याचे नाव आजच ठरवा.