हंगामी उत्पन्न आणि कुटुंबाची दीर्घ मुदतीची बचत

सोयाबीनची पट्टी हाती पडली, कापसाचे चुकारे झाले किंवा उसाचे बिल खात्यावर जमा झाले, म्हणजे शेतकरी कुटुंबाच्या वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा भाग एकदमच घरात येतो. नोकरदाराचे उत्पन्न बारा समान हप्त्यांनी येते. शेतकऱ्याचे एकदोन लोंढ्यांनी येते आणि मधले महिने कोरडे जातात. बचतीविषयी जो सल्ला सर्वत्र दिला जातो तो बहुधा मासिक पगार डोळ्यांपुढे ठेवून दिलेला असतो. तो जसाच्या तसा गावात नेल्यास निरुपयोगी ठरतो, व क्वचित अपायकारकही ठरतो. प्रस्तुत लेखात हंगामी उत्पन्नाच्या कुटुंबाने दीर्घ मुदतीची बचत कोणत्या क्रमाने करावी याचा विचार केला आहे.

शेतकरी बचत करीत नाही, असा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. गावातील घरोघरचा हिशेब पाहिल्यास तो खरा वाटत नाही. दिवाळीनंतर थोडे सोने घेतले जाते, एखादी विमा पॉलिसी काढली जाते, पतसंस्थेत ठेव ठेवली जाते. म्हणजे बचत होते. ती टिकत नाही इतकेच. आणि ती मोडण्याची वेळ जवळजवळ ठरलेली असते. मे महिन्याच्या अखेरीस शाळेची फी, बियाणे, खते आणि मशागत हे खर्च एकदम दारात उभे राहतात. त्या वेळी सोने गहाण पडते, ठेव मुदतीपूर्वी मोडली जाते, विम्याचा हप्ता राहून जातो, आणि तरीही कमी पडले तर हातउसने किंवा सावकाराचे पैसे आणले जातात. दहा वर्षांसाठी ठेवलेला पैसा सातव्या महिन्यात बाहेर काढावा लागतो, याचे कारण सातव्या महिन्यात लागणारा पैसा वेगळा काढलेलाच नव्हता.

पेरणीचा पैसा प्रथम

यावरून असे दिसते की, शेतकरी कुटुंबाच्या दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीची पहिली पायरी म्हणजे पुढील जूनसाठी राखून ठेवलेली रक्कम होय. बँकेत सहासात महिने पडून राहणाऱ्या या रकमेवर व्याज अगदी थोडे मिळते, म्हणून तिला कोणी गुंतवणूक समजत नाही. पण हिशेब करून पाहावा. पेरणीच्या वेळी २५,००० रुपये कमी पडले आणि ते दरमहा शेकडा तीन दराने आणले, तर सहा महिन्यांनी माल विकून परत करताना ४,५०० रुपये केवळ व्याजाचे जातात. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून किती व्याज घ्यावे यावर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यान्वये मर्यादा घातलेली आहे; तथापि गरजेच्या रात्री दार वाजविले जाते ते बहुधा बिनपरवाना सावकाराचे. घरात राखून ठेवलेल्या २५,००० रुपयांनी वाचविलेले हे ४,५०० रुपये इतक्या थोड्या काळात पोस्टाची किंवा बँकेची कोणतीही योजना देऊ शकणार नाही.

पीककर्जाच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. केंद्र शासनाच्या व्याज सवलतीमुळे ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज शेकडा ७ दराने मिळते, आणि मुदतीत फेड केल्यास आणखी शेकडा ३ ची सूट मिळून दर ४ वर येतो. महाराष्ट्रात २०२१-२२ पासून डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेन्वये वेळेवर फेडणाऱ्याचा हा उरलेला भारही शासन उचलते. इतके स्वस्त भांडवल शहरातील व्यापाऱ्यालाही मिळत नाही. मुदत चुकली की सवलत जाते, खाते थकीत होते आणि पुढील जूनमध्ये सोसायटीचे दार बंद होते. कर्जमाफीच्या आशेने फेड लांबविण्याची वृत्ती २००८, २०१७ आणि २०१९ च्या योजनांनंतर काही ठिकाणी वाढलेली दिसते. अशांनी एवढे ध्यानात घ्यावे की, २०१९ च्या योजनेत नियमित फेड करणाऱ्यांसही ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम देण्यात आली होती. थकीत राहणाऱ्यांना मात्र मधल्या हंगामांत जे व्याज बाहेर भरावे लागले त्याची भरपाई कोणी केली नाही.

एका कुटुंबाचा हिशेब

उदाहरणादाखल लातूर भागातील पाच एकर कोरडवाहू जमिनीचे एक कुटुंब घेऊ. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा, नोव्हेंबरात सोयाबीनचे १,८०,००० रुपये आले. त्यातून ८०,००० रुपयांचे पीककर्ज त्याच महिन्यात फेडावे. पैसे घरात राहिले म्हणजे त्यांना वाटा फुटतात. उरलेल्या एक लाखापैकी हरभरा निघेपर्यंतच्या घरखर्चास ४०,००० लागतील. पेरणीचे २५,००० रुपये मे महिन्याच्या मध्यास पुरी होईल अशा मुदत ठेवीत ठेवावेत, म्हणजे नवे पीककर्ज मिळण्यास विलंब झाला तरी वाफसा आल्यावर चाडे थांबणार नाही. आजारपण, बैलाचा किंवा मोटारीचा बिघाड अशा अडचणीसाठी १५,००० रुपये बचत खात्यातच असू द्यावेत. पावसाळ्यातील चार महिन्यांच्या तुटीसाठी १४,००० रुपये वेगळे काढावेत. एवढे झाल्यावर ६,००० रुपये उरतात. पुढे मार्चमध्ये हरभऱ्याचे ६०,००० आले, त्यातील ४८,००० संसाराला ठेवले, तर १२,००० रुपये आणखी उरतात.

वर्षाकाठी दोन लाख चाळीस हजारांतून हे अठरा हजार. रक्कम लहान वाटेल, परंतु हिला कोणत्याही जूनमध्ये हात लावावा लागणार नाही. हेच तिचे मोल आहे.

या घरात चार वर्षांची मुलगी असल्यास ६,००० रुपये सुकन्या समृद्धी खात्यात भरावेत. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी हे खाते पोस्टात वा बँकेत उघडता येते; पंधरा वर्षे भरणा करावयाचा व उघडल्यापासून एकविसाव्या वर्षी रक्कम मिळावयाची. जानेवारी २०२४ मध्ये या खात्याचा दर ८.२ टक्के ठरविण्यात आला. तोच कायम राहील असे धरल्यास, दरवर्षी आरंभी भरलेल्या ६,००० रुपयांचे, म्हणजे एकूण ९०,००० चे, मुदतीअखेर सुमारे २ लाख ८७ हजार होतात. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. ती शिक्षणासाठीच काढली जावी, लग्नाच्या मांडवासाठी नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हरभऱ्याचे १२,००० रुपये सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत, लोक ज्याला पी. पी. एफ. म्हणतात त्यात, घालावेत. या खात्यात महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. त्यामुळे ५ एप्रिलपूर्वी भरणा केल्यास पूर्ण वर्षाचे व्याज पदरात पडते, आणि हरभऱ्याचा पैसा नेमका त्याच सुमारास हाती असतो. एप्रिल २०२० मध्ये ठरलेल्या ७.१ टक्के दराने धरल्यास पंधरा भरण्यांचे १,८०,००० रुपये सुमारे ३ लाख २५ हजार होतात. दर शासन तिमाहीस ठरविते, म्हणून हा आकडा अंदाजच समजावा. या निधीचा आणखी एक गुण शेतकऱ्याने विशेष लक्षात ठेवावा: खातेदाराच्या कर्जापोटी न्यायालयाच्या हुकुमानेही ही रक्कम जप्त करता येत नाही. जमिनीच्या सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो. या खात्यावर चढत नाही.

महागाईचा विचार सोडून चालणार नाही. भाव दरवर्षी शेकडा ५ ने वाढत गेले, तर पंधरा वर्षांनंतरच्या रुपयात आजच्या सुमारे ४८ पैशांचाच माल येईल. म्हणून उत्पन्न वाढेल तसा भरणाही वाढवीत नेला पाहिजे. म्युच्युअल फंडातील शेअर्सच्या योजना दीर्घ काळात महागाईच्या पुढे जाऊ शकतात, परंतु २००८ साली मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक दहा महिन्यांत निम्म्याहून खाली आला होता. ज्याच्या शेताचे उत्पन्नच पावसावर हेलकावे खाते त्याने, दहा वर्षे लागणार नाही अशी थोडी रक्कम सोडून, या वाटेस जाण्याची घाई करू नये.

शेतातील गुंतवणूक व शेताबाहेरील गुंतवणूक

विहीर, ठिबक संच, फळबाग यांत घातलेला पैसा हीसुद्धा दीर्घ मुदतीची गुंतवणूकच आहे आणि पाणी असेल तेथे तिच्याइतका लाभ बँक देणार नाही. परंतु सर्व बचत शेतातच घालण्यात एक धोका आहे. संत्र्याची बाग फळावर येण्यास पाचसहा वर्षे लागतात, आणि एक कडक दुष्काळ ती वर्षे पुसून टाकतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना व त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यांत मोसंबीच्या कितीतरी बागा वाळून गेल्या. त्या वर्षी पीकही गेले, बागही गेली. पावसाशी ज्याचा संबंध नाही असे काहीतरी घरात असावे, ते अशाच वर्षासाठी.

सोन्याविषयी सरसकट निषेधाचा सूर आम्हास मान्य नाही. ते घरातील स्त्रीचे हक्काचे धन असते आणि अडचणीत तासाभरात तारण ठेवता येते. मात्र दागिन्याची घडणावळ विकताना परत मिळत नाही, एवढे जाणून खरेदी करावी.

अधिक सावधगिरी पाहिजे ती जादा व्याजाच्या आमिषाविषयी. १९९० नंतरच्या दशकात सागवान लागवडीच्या योजना आल्या, पुढे इमू पक्षी आले, २०१९ च्या सुमारास कडकनाथ कोंबड्यांची प्रकरणे उघडकीस आली. प्रत्येक वेळी शेतीची भाषा बोलली गेली आणि पैसे अडकले ते शेतकऱ्यांचेच. १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा राज्य कायदा आहे, पण त्यान्वये वसुली होण्यास वर्षे जातात. सहकारी बँकेतील ठेवीस ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून आहे; पतसंस्थेतील ठेवीस या विम्याचे संरक्षण नाही. हा भेद गावात फार थोड्यांना ठाऊक असतो.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही बैठक ऑक्टोबरात, माल बाजारात जाण्यापूर्वी घ्यावी. नंतर घेतल्यास सांगण्यासारखे काही उरत नाही. पतिपत्नी दोघांनाही बोलवावे. प्रत्येक कुटुंबाने भिंतीवरील दिनदर्शिकेवर आपल्या खर्चाच्या तारखा मांडाव्यात, आणि त्यानंतरच योजनांची नावे घ्यावीत. विमा पॉलिसी आधीच काढलेली असल्यास तिचा वार्षिक हप्ता कोणत्या महिन्यात येतो ते पाहावे. नवी घ्यावयाची झाल्यास ती नोव्हेंबर-डिसेंबरात घ्यावी, म्हणजे पुढील हप्तेही त्याच महिन्यांत येतील. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने, कर वाचतो म्हणून पॉलिसी घ्या, हा एजंटाचा मुद्दा बहुतेक शेतकऱ्यांना लागूच नसतो.

प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप वळते होतात व दोन्ही मिळून प्रत्येकी २ लाखांचे संरक्षण वर्षभर मिळते. नेमक्या त्याच आठवड्यात खाती रिकामी असतात. तेव्हा २० मेच्या सुमारास घरोघर फिरून ४५६ रुपये शिल्लक आहेत की नाहीत ते विचारावे, आणि त्याच फेरीत प्रत्येक खात्यावर वारसाचे नामनिर्देशन झाले आहे काय, पासबुके कोठे ठेवली आहेत हे घरातील बाईस ठाऊक आहे काय, हेही पाहून घ्यावे.