रिपोर्ट निगेटिव्ह आला, मग झोप का येत नाही?

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. दवाखान्यात शेवटची चार-पाच माणसे उरली होती. तिशीतला एक तरुण मुद्दाम सगळ्यांना पुढे सोडत कोपऱ्यात बसला होता. त्याची पाळी आली तेव्हा त्याने दार लोटून घेतले आणि प्लास्टिकच्या पिशवीतले कागद टेबलावर मांडले. एच.आय.व्ही.च्या तपासणीचे सात रिपोर्ट! पनवेल, कळंबोली, वाशी, ठाणे अशी प्रत्येक वेळी वेगळी लॅबोरेटरी गाठलेली. एका कागदावर तर नावही खोटे. सातही रिपोर्ट निगेटिव्ह होते. तरी त्याचा प्रश्न होता, "डॉक्टर, आता आठवी तपासणी कोणती करू?"

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.) चौदा महिन्यांपूर्वी मित्रांबरोबर बाहेरगावी गेला असताना एका अनोळखी स्त्रीशी त्याचा एकदाच संबंध आला होता. निरोध वापरला होता, पण तो नीट राहिला की नाही याची खात्री नव्हती. तेव्हापासून "पाठ दुखते" या सबबीवर तो बाहेरच्या खोलीत झोपतो. दोन वर्षांच्या मुलीला आपल्या ताटातला घास देत नाही. पत्नीची समजूत झाली आहे की, नवऱ्याचे बाहेर कुठेतरी चालू आहे. जो आजार त्याला झालेलाच नाही, तो आजार त्याचा संसार मोडायला निघाला होता.

मी तेव्हा काय केले, तेही सांगतो. त्याची एकदाची खात्री पटावी म्हणून मीच आठवी तपासणी लिहून दिली. ती निगेटिव्ह आली. दोन रात्री त्याला गाढ झोप लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा दारात हजर. "डॉक्टर, रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असेल तर?" आठवी तपासणी लिहून देणे ही माझी चूक होती. ती कशी, हे समजण्यासाठी आधी तपासणीविषयी थोडे जाणून घेऊ.

तपासणी नेमके काय शोधते?

एच.आय.व्ही. शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज तयार करू लागते. त्या पुरेशा तयार होईपर्यंत काही आठवडे जातात. लागण झालेली असूनही तपासणीत ती दिसत नाही, अशा या मधल्या काळाला 'विंडो पिरियड' म्हणतात.

भारतात एच.आय.व्ही.ची लागण प्रथम १९८६ साली चेन्नईत आढळली. त्यानंतरच्या काळात तपासण्या आजच्याइतक्या तरबेज नव्हत्या, म्हणून "सहा महिने थांबून पुन्हा तपासा" असा सल्ला सर्रास दिला जाई. तो सल्ला अजून लोकांच्या डोक्यात पक्का बसला आहे. आज मात्र शिरेतून काढलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत जी चौथ्या पिढीची तपासणी होते, ती प्रतिपिंडांबरोबर विषाणूचा एक अंश, म्हणजे पी-२४ अँटिजेनही शोधते. तिचा विंडो पिरियड सुमारे ४५ दिवसांचा धरतात. फक्त प्रतिपिंडे शोधणाऱ्या रॅपिड तपासणीसाठी ९० दिवस धरावेत. आमच्या मित्राचा शेवटचा रिपोर्ट चौदा महिन्यांनंतरचा होता.

निगेटिव्ह एकदाच, पॉझिटिव्ह तीनदा – असे का?

हा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. "पॉझिटिव्ह असेल तर सरकारी केंद्रात तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करून घेतात, आणि निगेटिव्ह असेल तर पहिल्याच किटवर सोडून देतात. म्हणजे निगेटिव्हकडे कोणी नीट बघतच नाही!" प्रत्यक्षात गोष्ट नेमकी उलटी आहे.

पिठाची बारीक चाळण डोळ्यांसमोर आणा. तिच्यातून कोंडा खाली जात नाही, पण कोंड्याबरोबर थोडे चांगले पीठही वर अडकते. पहिली तपासणी अशीच मुद्दाम बारीक ठेवलेली असते, कारण लागण झालेला एकही माणूस तिच्यातून निसटू नये. त्यामुळे कधीकधी निरोगी माणसाचे रक्तही तिच्यात अडकते. म्हणून अडकलेल्या नमुन्याची आणखी दोन प्रकारच्या किटवर खात्री करावी लागते. जो नमुना विंडो पिरियड संपल्यावर या बारीक चाळणीतूनही मोकळा सुटला, तो पुन्हा चाळून हाती काही लागत नाही.

आणखी एक घोटाळा. रिपोर्टवर 'नॉन-रिअॅक्टिव्ह' या शब्दाशेजारी एखादा आकडा असतो. आमच्या मित्राने सगळे आकडे वहीत लिहून ठेवले होते. एकदा ०.१२, पुढच्या वेळी ०.२५. "डॉक्टर, वाढतोय बघा!" हा आकडा म्हणजे रक्तातील विषाणूंची मोजदाद नव्हे. प्रत्येक मशीनची एक सीमा ठरलेली असते. तिच्याखालचा कोणताही आकडा म्हणजे निगेटिव्हच. दोन मशीनच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

१) तपासणी कोणती होती, आणि तिचा विंडो पिरियड संपल्यावर ती केली होती का?
२) त्या प्रसंगानंतर तपासणीपर्यंत पुन्हा काही जोखीम घेतली होती का?
३) एच.आय.व्ही. टाळण्याची औषधे (पेप किंवा प्रेप) घेतली होती का? पेप घेतले असेल, तर दिवस ते औषध संपल्यापासून मोजावेत. प्रेप घेत असाल, तर तपासणी कधी करायची हे डॉक्टरांनाच विचारावे.
४) प्रतिकारशक्ती दबवणारे एखादे मोठे औषध किंवा उपचार चालू आहेत का?

पहिल्याचे उत्तर 'होय' आणि उरलेल्या तिन्हींचे 'नाही' असेल, तर तो रिपोर्ट अखेरचा समजावा. उत्तर वेगळे असेल तर डॉक्टरांना विचारून एकदा, योग्य वेळी तपासणी करावी.

एक खुलासा मात्र करायलाच हवा. एच.आय.व्ही.चा रिपोर्ट फक्त एच.आय.व्ही.बद्दलच बोलतो. गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गनोरिया, कावीळ ब यांच्या तपासण्या वेगळ्या असतात. जननेंद्रियावर जखम, लघवीला जळजळ, पू किंवा स्राव असेल, तर "एच.आय.व्ही. निगेटिव्ह आहे ना" म्हणून गप्प बसू नये.

लक्षणांचा खेळ

आमच्या मित्राचे वजन सहा किलोने घटले होते, कारण जेवण जात नव्हते. मानेत गाठी लागत होत्या. निरोगी माणसाच्या मानेतही बारीक गाठी हाताला लागू शकतात, आणि हा तर त्या दिवसातून वीस-वीस वेळा दाबत होता, त्यामुळे त्या दुखू लागल्या. रात्री घाम, जुलाब, छातीत धडधड ही सगळी चिंतेचीही लक्षणे आहेत. एच.आय.व्ही.ची लागण लक्षणांवरून ठरत नाही, आणि लक्षणांवरून नाकारताही येत नाही. ती फक्त रक्ताच्या तपासणीवर ठरते.

मग भीती का जात नाही?

कारण ती रक्तात नसून मनात असते. अशा बहुतेक रुग्णांशी बोलत गेले की आत अपराधीपणा सापडतो. "मी चुकलो, मला शिक्षा झालीच पाहिजे" असे मन ठरवून बसलेले असते आणि रिपोर्ट ती शिक्षा देत नाही. लैंगिक बाबतीतला अपराधीपणा शरीराच्या दुखण्याचे रूप घेतो, हे आपल्याकडे नवे नाही. वीर्य जाते या भीतीने खंगणाऱ्या पुरुषांच्या आजाराला डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. त्याआधी, १९२७ पासून, र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून याच विषयांवर मोकळेपणाने लिहीत होते.

आता माझी चूक लक्षात येईल. शंका आली की तपासणी, तपासणीने दोन दिवस आराम, आराम ओसरला की नवी शंका. खरूज खाजवण्यासारखेच हे आहे. प्रत्येक तपासणी मनाला एकच गोष्ट शिकवते, "धोका खरा होता, म्हणून तर तपासले." मी आठवी तपासणी लिहिली आणि त्या चक्राला आणखी एक वळसा दिला.

उपाय

नववी तपासणी मी लिहिली नाही. सगळे रिपोर्ट एका पाकिटात घालून त्यावर "विषय संपला" असे त्यालाच लिहायला लावले. गाठी चाचपायच्या नाहीत, इंटरनेटवर लक्षणे शोधायची नाहीत, मित्रांना पुन्हापुन्हा विचारायचे नाही, असे नियम ठरवले. शंका आली तर ती वहीत लिहायची आणि कामाला लागायचे. पहिले पंधरा दिवस फार कठीण गेले. मग मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. चिंतेवर किंवा मंत्रचळावर (ओ.सी.डी.) विचार-वर्तन उपचार आणि गरज पडल्यास औषधे यांचा चांगला उपयोग होतो. वेड लागल्यावरच तिथे जायचे, ही समजूत आता सोडावी.

पत्नीला काय सांगायचे हा प्रश्न रक्ताच्या तपासणीने सुटणारा नाही, हेही त्याला समजावले. तो निर्णय त्याचा. पण मुलीला घास भरवण्यासाठी कुठल्याही निर्णयाची वाट पाहायची गरज नव्हती. एका ताटात जेवल्याने एच.आय.व्ही. कोणालाच होत नाही, लागण झालेल्या माणसाकडूनही नाही. गणपतीच्या सुमारास तो आला तेव्हा रात्री हात अजून कधीतरी मानेकडे जातो म्हणाला, पण मुलगी आता त्याच्याच ताटात जेवते.

वाचकांनी लक्षात ठेवावे

• नुकताच धोक्याचा प्रसंग घडला असेल तर तपासणीची वाट न पाहता ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, सरकारी रुग्णालय गाठावे. टाळण्याचे औषध (पेप) २८ दिवस घ्यावे लागते.
• सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात (आय.सी.टी.सी.) तपासणी मोफत होते. २०१७ च्या एच.आय.व्ही.-एड्स कायद्यानुसार तुमची संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक आहेत. खोटे नाव देण्याची गरज नाही.
• लैंगिक आजारांसाठी सरकारी रुग्णालयांत 'सुरक्षा क्लिनिक' असते.
• एच.आय.व्ही.विषयी मोफत दूरध्वनी: १०९७. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस: १४४१६.
• रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी आयुष्य संपत नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत ए.आर.टी. उपचार सुरू केले आहेत. नियमित औषधे घेणारी माणसे दीर्घ आयुष्य जगतात, आणि रक्तातला विषाणू दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

तपासणीला घाबरून ती टाळू नका, आणि योग्य वेळी केलेली तपासणी निगेटिव्ह आली तर ती पुन्हापुन्हा करू नका. तरीही आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, तर लॅबोरेटरीत न जाता आपल्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.