बंदिस्त सापांचे आजार: माइट, गोचीड आणि अडकलेली कात

सापाच्या खवल्यांवर खसखशीपेक्षाही लहान काळा ठिपका सरकताना दिसला, तर तो बहुधा माइट असतो. शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. रक्त पिऊन फुगलेली मादी साधारण एक मिलिमीटरची, तर अर्भके डोळ्यांना जेमतेम दिसणारी. हनुवटीखालची घडी, डोळ्याभोवतीची फट, अवस्कराजवळचे (मलमूत्रद्वाराजवळचे) खवले आणि अजगराच्या ओठांवरच्या खाचा ही त्यांची आवडती ठिकाणे. माइट झालेला साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसून राहतो, भिंतीला डोके घासतो, खाणे टाकतो. संशय असल्यास ओलसर पांढरे कापड शेपटीच्या दिशेने हळूच फिरवावे. कापडावर काळे-तांबूस ठिपके उमटतात. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी मेलेले माइट साचलेले दिसतात आणि खवल्यांवर त्यांच्या विष्ठेची राखाडी भुकटी असते.

एक मादी आयुष्यात साठ ते ऐंशी अंडी घालते. ती सापावर नव्हे, पेटीच्या फटीत, लाकडाच्या सांध्यात, अंधाऱ्या ओलसर कोपऱ्यात घालते. पंचवीस ते तीस अंश तापमानात अंड्यापासून प्रौढ माइट होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणूनच नुसता साप धुऊन उपयोग नाही. पेटी तशीच राहिली तर पंधरवड्यात माइट पुन्हा हजर होतात. उपद्रव वाढला की रक्तक्षय होतो, विशेषतः पिलांमध्ये, आणि एरोमोनाससारखे जिवाणूही माइटबरोबर एका सापाकडून दुसऱ्याकडे जातात.

उपचाराची सुरुवात त्यामुळे पेटीपासून होते. आतले लाकूड, साल, भुसा काढून टाकावा आणि जाळावा. पेटी गरम साबणपाण्याने घासून कोरडी करावी, तळाला साधे वर्तमानपत्र अंथरून रोज बदलावे. सापाला पाठ जेमतेम बुडेल इतक्या कोमट पाण्यात लक्ष ठेवून अर्धा तास ठेवल्यास बरेच माइट बुडतात, डोक्यावरचे मात्र उरतात. औषध पशुवैद्यकानेच ठरवावे. फिप्रोनिल कापडावर घेऊन पुसले जाते आणि आयव्हरमेक्टिन वजनानुसार दिले जाते. तेच आयव्हरमेक्टिन कासवांना जीवघेणे आहे, म्हणून शेजारी कासव असेल तर ते आधी सांगावे. गोठ्यातल्या गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध अंदाजाने पातळ करून सापावर ओतू नये, ते सापाच्या जिवावर बेतू शकते. रॉकेलचेही तेच. उपचार एकदा करून थांबू नये. अंड्यांतून नव्याने निघालेल्यांसाठी दोनेक आठवड्यांनी पुन्हा करावा लागतो.

नागझिरा अभयारण्याला लागून असलेल्या चोरखमारा परिसरात (जि. गोंदिया) जंगलातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर माइटपेक्षा गोचीड सहज नजरेत भरतो. धामण, अजगर आणि घोरपडीच्या खवल्यांखाली तो घट्ट रुतलेला असतो. असा एखाददुसरा गोचीड निरोगी जनावराला फारसा बाधत नाही. ओढून काढताना तोंडाचा भाग आत राहिला तर मात्र जखम चिघळते. इथे एक गोष्ट स्पष्ट असावी: धामण, दिवड, नाग, अजगर किंवा मांडूळ घरी पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. धनलाभाच्या आशेने डब्यात कोंडलेले मांडूळ उपासमारीने आणि तोंडाच्या जखमांनी मरते. जखमी किंवा आजारी साप आढळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पुढील उपचारांसाठी नागपूरच्या सेमिनरी हिल्सवर ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. बॉल पायथनसारख्या सायटीस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील) करारातील परदेशी जातींचीही नोंदणी कायद्याने आवश्यक आहे.

बाकीचे बहुतेक आजार राहणीमानातून येतात. हवा फार कोरडी असली की कात एकसंध न निघता तुकड्यांत अडकते, शेपटीच्या टोकाला वळे बसून रक्तपुरवठा थांबतो. डोळ्यावरचा पारदर्शक खवला अडकल्यास चिमट्याने ओढू नये, डोळा जातो. ओलसर मॉस ठेवलेली लहान डबी पुरते. उलट, सतत ओल्या तळामुळे पोटाकडचे खवले लाल होऊन फोड येतात. गोंदियाच्या हिवाळ्यात पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. अशा रात्री उबेची सोय नसलेल्या परदेशी सापाला श्वसनमार्गाचा संसर्ग होतो: तोंड उघडे, नाकातून फेस, श्वासात शिट्टीसारखा आवाज. अशा वेळी उपचारांसाठी वाट पाहण्याची मुभा नसते.

तोंड सडण्याच्या विकारात हिरड्या लाल होतात आणि त्यांवर पिवळट, पनीरसारखा थर जमतो. गारुड्यांकडून सोडवलेल्या नागांत तो हटकून आढळतो, कारण विषदंत उपटलेले असतात आणि कधी तोंडही शिवलेले असते. नागपंचमीला तहानेने व्याकूळ केलेला नाग दूध पितो खरा, पण ते त्याला पचत नाही आणि फुप्फुसात गेले तर संसर्ग होतो.

माणसालाही हे माइट चावतात. मनगटावर, कंबरेवर खाजणारे लाल पुरळ येते, ते माइट संपले की जाते. खरी काळजी साल्मोनेला या जिवाणूची. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही तो असतो. साप हाताळल्यावर, पेटी साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत, भांडी स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नयेत. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांनी सापांना हात लावू नये.