पेटी हातातच ठेव

पोरी, तरुणांच्या ऑर्केस्ट्रात तुझी निवड झाली, युरोपचा दौरा ठरला, कौतुक करून झालं. आता मामाचं ऐक.

व्हायोलिन विमानाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही. चेलोवाले बिचारे वाद्यासाठी वेगळं तिकीट काढतात. तुझी पेटी वरच्या कप्प्यात मावते, म्हणून काउंटरवर कोणी कितीही गोड बोललं तरी सोडू नकोस. बोचे केस सैल कर. तारा थोड्याच उतरव. पार सैल केल्यास तर घोडी आडवी होईल, आतला साउंडपोस्ट पडेल आणि परमुलखात कारागीर शोधत फिरशील. आजोबांच्या बोच्या टोकाला हस्तिदंत आहे, तो घरीच राहू दे. कागद नसतील तर सीमेवर जप्त होईल. कार्बन फायबरचा ने.

मुंबईच्या दमट हवेत वाढलेलं लाकूड एसीच्या कोरड्या हवेत आकसतं, खुंट्या सटकायला लागतात. पेटीत ह्युमिडिफायर ठेव. सुराचंही तेच. तुला ४४० हर्ट्झची सवय. जर्मनी-ऑस्ट्रियात ४४२-४४३ चालतो. ओबोनं दिलेला सूर निमूट घ्यायचा, वाद घालायचा नाही.

खरी परीक्षा हॉलची. गाव बदललं की हॉल बदलतो आणि तालमीला वेळ जेमतेम मिळतो. ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊसारख्या हॉलमध्ये रिकामा असताना नाद घुमत राहतो, लोक बसले की बराच आटतो. दुपारच्या अंदाजानं रात्री वाजवू नकोस. मागचे ब्रासवाले पंधरा मीटरवर असले तर त्यांचा आवाज तुझ्यापर्यंत यायला सेकंदाचा विसावा-पंचविसावा भाग जातो. कानावर विसंबलीस की मागे पडलीस. डोळे कंडक्टरच्या काठीवर आणि पहिल्या खुर्चीवरच्या बोवर हवेत. आतल्या बाजूला बसलीस तर पान तू उलटायचं. खुणा पेन्सिलीनंच कर, पार्ट बहुतेक भाड्याचे असतात.

आई पेढे आणि साजूक तूप बांधेल. नेऊ नकोस, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणू देत नाहीत. मेतकूट, चिवडा, शेंगदाण्याची चटणी भरपूर घे. कार्यक्रम संपल्यावर रात्री दहाला कडकडून भूक लागते आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद.

आणि आपल्याच पोरांच्या घोळक्यात बसून राहू नकोस. क्लाउडिओ अबाडोनं १९८६ मध्ये व्हिएन्नात गुस्टाव मालर युगेंडऑर्केस्टर उभा केला, तो ऑस्ट्रियातल्या मुलांना पोलादी पडद्यापलीकडच्या चेकोस्लोव्हाकिया-हंगेरीतल्या मुलांबरोबर वाजवता यावं म्हणून. तुझ्या स्टँडवरची जोडीदारीण कुठल्याही देशाची असो, जेवायला तिच्याशेजारी बस. तिचा बो कुठे श्वास घेतो हे तिथे कळतं, तालमीत नाही.

व्हिसाची तारीख मात्र आजच बघ. शेवटच्या कार्यक्रमाच्या पुढे चार-सहा दिवस मुदत हवी.