हेल्मेट घेताना आतलं अस्तर ओढून बघ

अगं, वाळूजच्या कंपनीत जॉइन होतेयस म्हणालीस, तेव्हा माझ्या डोक्यात आधी हेल्मेटच आलं. सिडकोतून रोज स्कूटीवर जायचं म्हणजे नगर नाक्यापुढे ट्रक आणि कंपन्यांच्या बसमधूनच वाट काढायची. पहिला महिना तू घालशील गं. मग मे येईल, पारा चाळिशी ओलांडेल, आतली गादी घामाने कुबट होईल आणि हेल्मेट हँडलला लटकेल. दंड माहीत असूनही बायका घालत नाहीत, त्यात या वासाचा वाटा मोठा आहे.

म्हणून दुकानात रंग नंतर बघ. आधी अस्तर आणि गालाच्या गाद्या निघतात का, काच सुटी मिळते का, ते विचार. ‘मिळेल ना ताई’ एवढंच म्हणाला तर काढून दाखवायला लाव. अस्तर थंड पाण्यात थोडा शाम्पू टाकून धुवायचं, सावलीत वाळवायचं. (नळाला पाणी येईल त्या दिवशीच, हे तुला सांगायला नको!) ओरखडलेल्या काचेतून रात्री समोरचा हेडलाइट नुसता फाकतो. तेव्हा नुसती काच बदल, हेल्मेट टाकू नकोस.

पण आतला थर्माकोल वेगळा. धक्का बसला की तो दबतो आणि जोर स्वतःत घेतो. दबलेला परत फुगत नाही. हेल्मेट जोरात आपटलं तर वरून चकचकीत दिसलं तरी मोडीत काढ. तिथे कचरा टाळायला जाऊ नकोस. जून 2021 पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला बंदी आहे, तेव्हा रस्त्याकडेच्या स्वस्त ढिगापाशी थांबूही नकोस. माप बघताना रोजचा पातळ सुती स्कार्फ बांधूनच बघ, आणि उंच अंबाडा नको.

कंपनीतल्या सेफ्टी हेल्मेटचंही तसंच. आतला पट्टा, कपाळाची पट्टी बदलता येते. आधीच्या कुणाच्या घामाची पट्टी हातात ठेवली तर सरळ नवी माग. पेंट शॉपला टाकलं, तर मास्कचं कार्ट्रिज नवं आहे का एवढंच बघू नकोस; मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नसेल तर कडेने वाफ शिरतेच. लहान साइज स्टोअरला नसेल तर ‘चालेल’ म्हणू नकोस, सेफ्टी ऑफिसरला लेखी दे. नवी पोरगी नखरे करते म्हणतील. म्हणू देत.