तीन मिलिमीटरांची जमीन

भूमिअभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून रुजू झाल्यापासून शिरस्तेदार म्हणून निवृत्त होईपर्यंतच्या चौतीस वर्षांत अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांतील कित्येक शिवारांत मी साखळी ओढली, गाडले गेलेले हद्दीचे दगड शोधले, टिपणाशी प्रत्यक्ष जागा ताडून पाहिली, आणि धुऱ्यावरून भांडणाऱ्या सख्ख्या भावांना आधी मोजणी होऊ द्या एवढेच सांगत आलो. परंतु स्वतःच्या वरच्या जबड्यात कृत्रिम दाढ रोवून घेण्याचा प्रसंग आला, तेव्हा तेथे हाड किती शिल्लक आहे हे कुणी मोजले आहे काय, असे विचारण्याचे मला सुचले नाही. त्या एका प्रश्नाच्या अभावी माझी जवळजवळ दोन वर्षे गेली. ज्यांच्यावर हा प्रसंग अद्याप यावयाचा आहे त्यांच्यासाठी हा वृत्तान्त लिहीत आहे.

डाव्या बाजूच्या वरच्या दोन दाढा मी २०१२ साली काढून घेतल्या होत्या. त्यानंतर नऊ वर्षे कवळीवर भागले. त्या काळात हिरडीच्या आत काय घडत होते याची मला कल्पना नव्हती. वरच्या दाढांच्या मुळांवर, गालाच्या आतल्या बाजूस, हवेने भरलेली एक पोकळी असते. इंग्लंडातील नॅथॅनिअल हायमोर या वैद्याने १६५१ मध्ये तिचे वर्णन केले, आणि प्रौढ मनुष्यात तिचे आकारमान साधारण १२ ते १५ मिलिलिटर असते. दाढ जागेवर आहे तोवर चावण्याचा भार हाडाला मिळतो आणि हाड टिकून राहते. दाढ गेली की हिरडीकडून हाड झिजू लागते आणि वरून ती पोकळी खाली उतरू लागते. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी दरसाल एकेक तास आत सरकवावे आणि मधल्या पट्टीच्या मालकाला पत्ताही नसावा, तसाच हा प्रकार आहे. त्यातून जबड्याच्या या भागातील हाड मुळातच मऊ, सच्छिद्र. खालच्या जबड्याची घट्ट पकड त्यास नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मी एका दवाखान्यात गेलो. त्याचे नाव मी येथे घेणार नाही, कारण माझा उद्देश फिर्याद करण्याचा नाही. एक लहानसा एक्स-रे निघाला. हाड जरा कमी आहे, पावडर भरू आणि स्क्रूही आजच बसवू, म्हणजे दोनदा येण्याचा त्रास नको, असे सांगण्यात आले. इंग्रजीत छापलेला कागद पुढे आला आणि मी त्यावर सही केली. त्या वेळी माझी साखरेची तीन महिन्यांची सरासरी नऊच्या वर होती. ती कुणी विचारली नाही आणि मीही होऊन सांगितली नाही. तीन आठवड्यांनी डाव्या नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला. पुढे चूळ भरली की पाणी नाकातून उतरे. सर्दी समजून दोनदा औषधे झाली. शेवटी जानेवारीत अकोल्याच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्कॅन करविले, तेव्हा पडद्यावर मला माझा स्क्रू दिसला: हाडात नव्हे, वरच्या पोकळीत आडवा पडलेला.

अमरावतीच्या ज्या तरुण शल्यविशारदांनी तो काढला, त्यांनी प्रथम मापाची रेघ ओढून दाखविली. “काका, इथे तीन मिलिमीटर हाड होतं. पाच असतं तर त्याच बैठकीत स्क्रू बसवण्याचा विचार तरी करता आला असता. तीनमध्ये तो धरणार कशाला?” घरी परतताना पत्नी बडनेऱ्यापर्यंत गप्प होती, मग रागाने नव्हे, कळवळ्याने म्हणाली, “तुमाले सरकारनं जलमभर मोजाले ठेवलं, अन् इथं मोजल्याबिगर सही केली?”

वस्तुतः या शस्त्रक्रियेत दोष नाही, हे मी आग्रहाने सांगतो. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडावर प्रयोग करताना आढळले, की टायटॅनियम धातू आणि हाड असे एकजीव होतात की ते सुटे करता येत नाहीत. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे दात रोवले. वरच्या जबड्यात हाडच अपुरे असेल तर काय, या प्रश्नाला अमेरिकेतील हिल्ट टॅटम यांनी १९७० च्या दशकात उत्तर शोधले आणि बॉइन व जेम्स यांनी १९८० मध्ये ते प्रसिद्ध केले: दाढेच्या वरच्या बाजूस हाडाला लहानशी खिडकी पाडावयाची, पोकळीचे अस्तर, जे एक मिलिमीटरहूनही पातळ असते, न फाडता हलकेच वर उचलावयाचे, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हाडाचा भराव घालावयाचा. तो भराव म्हणजे केवळ आधार होय. त्याच्या कणाकणांतून आपल्या शरीराने रक्तवाहिन्या नेऊन नवे हाड घडवावे लागते. हे काम कोणताही वैद्य करीत नाही, तो त्यासाठी फक्त जागा राखून देतो.

हा भराव कशाचा, हे विचारण्याचा रुग्णास पूर्ण अधिकार आहे. तो स्वतःच्या हनुवटीच्या, जबड्याच्या मागील भागाच्या किंवा कमरेच्या हाडाचा असू शकतो. दात्याच्या मानवी हाडाचा असू शकतो, आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतीपेढी १९८८ पासून अशा ऊती गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवीत आली आहे. तो कॅल्शियम फॉस्फेटाचा, म्हणजे सर्वथा कृत्रिम असू शकतो. किंवा प्रक्रिया केलेल्या गोवंशीय हाडाचा. शेवटचा प्रकार जगभर वापरला जातो आणि त्याचा अनुभवही दीर्घ आहे. परंतु आमच्या घरात माळ आहे, आणि माझ्या जबड्यात काय घातले हे मला नंतर कागदपत्रांतील चिकटपट्टीवरून कळावे, याचे दुःख स्क्रूच्या दुःखाहून कमी नव्हते. संमती म्हणजे सही नव्हे. समीरा कोहली यांच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके आणि उपलब्ध पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यावाचून मिळविलेली संमती खरी संमती होत नाही. तेव्हा कागद मराठीतून समजावून मागावा, भरावाचे नाव त्यावर लिहवून घ्यावे, आणि भरावाच्या व स्क्रूच्या पाकिटावरील चिकटपट्ट्या आपल्या दप्तरी ठेवाव्यात.

पोकळीतील जंतुसंसर्ग पूर्ण निवळेपर्यंत, आणि माझी साखर सातच्या आसपास येईपर्यंत, अमरावतीच्या डॉक्टरांनी भरावास हात लावला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी खिडकी पाडून भराव घातला, या वेळी माझ्या पसंतीचा, कृत्रिम. आणि आठ महिने थांबावयास सांगितले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात अकोला-अमरावती मार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला आणि त्याची नोंद गिनीज पुस्तकात झाली. तपासणीसाठी मी त्याच रस्त्याने एसटीने जात असे. ज्या प्रदेशात एवढ्या तासांत एवढा रस्ता होतो, तेथे एक चिमूटभर हाडाला आठ महिने का, असे पहिल्यांदा मनात येई. पुढे ते येईनासे झाले, कारण दर खेपेच्या स्कॅनमध्ये भरावाचा करडा डाग हळूहळू हाडाचा रंग धरताना मी डोळ्यांनी पाहिला. एप्रिल २०२३ मध्ये स्क्रू बसला, सप्टेंबरमध्ये त्यावर दाढ चढली.

पथ्यांपैकी एकाचा तपशील आवर्जून देतो, कारण त्यात आमच्याकडील माणसे हमखास चुकतात. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवडे नाक शिंकरावयाचे नाही. शिंक आली तर तोंड उघडून येऊ द्यावयाची. शंख, बासरी, चुलीची फुंकणी, नळीने ओढून पिणे, विमानप्रवास, हे सर्व वर्ज्य. कारण हवेच्या दाबाने उचललेले अस्तर फाटते आणि भराव वाहून जातो. खर्रा आणि विडी यांविषयी मी सौम्य शब्द वापरणार नाही. हाडाला रक्त पोचू न देणारी वस्तू तोंडात धरून त्याच तोंडात हाड वाढवू पाहणे व्यर्थ आहे, आणि सहा महिने खर्रा सोडवत नसेल त्याने पैसेही घालू नयेत. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन घेणाऱ्या आयाबायांनी, तसेच रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी, ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगावी. मात्र ते औषध आपल्या मनाने बंद करू नये.

थ्रीडी स्कॅन, ज्याला दवाखान्यात सीबीसीटी म्हणतात, त्यावाचून वरच्या मागील जबड्यात स्क्रू बसवू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यावरील हाडाची उंची मिलिमीटरमध्ये लिहून मागावी. शंका वाटल्यास अमरावतीच्या विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीच्या दंत महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तोच स्कॅन दाखवून दुसरे मत घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अवमान नाही. आणि आखूड स्क्रू, शेजारच्या दातांवर पूल, साधी कवळी, किंवा अगदी शेवटची दाढ असेल तर काहीच न करणे, हेही पर्याय आहेत. ते तुमच्यापुढे मांडलेच गेले नाहीत तर उठून यावे.

आपल्या घरात कुणाची वरची दाढ यंदा काढावी लागणार असेल, तर ती काढण्यापूर्वीच दंतवैद्यांना विचारावे, की त्याच दिवशी खड्ड्यात भराव घालून हाड राखता येईल काय. २०१२ मध्ये हा प्रश्न मला कुणी सुचविला नव्हता.