विमा आहे, मग अनामत कशाला?

प्रश्न : पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सहा मित्र ग्रीसमध्ये आठवडाभर शिडाची यॉट भाड्याने घेणार आहोत. दोघांकडे स्कीपरचा परवाना आहे. करारात बोटीचा विमा उतरवल्याचं म्हटलंय, तरी ३,००० युरो अनामत मागितली आहे. विमा असताना अनामत कशाला? आणि ती बुडू नये म्हणून काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ही अनामत विम्याशीच बांधलेली असते. मोटारीच्या विम्यात नुकसानीचा पहिला ठरावीक हिस्सा आपणच सोसतो, तसा तो बोटीच्या विम्यातही असतो आणि भाड्याने घेणाऱ्याने तो भरायचा असं करारात ठरतं. बहुधा तेवढीच रक्कम अनामत म्हणून घेतात. समजा, शीड फाटलं आणि दुरुस्तीला ८०० युरो लागले, तर ते सगळे तुमच्या खिशातून. डोलकाठी मोडून २०,००० युरोंचं नुकसान झालं, तर तुमचे ३,००० जातील आणि उरलेलं विमा कंपनी बघेल. म्हणजे ही अनामत तुमच्या जबाबदारीची कमाल मर्यादाही ठरते. मात्र ही मर्यादा एका घटनेपुरती आहे की पूर्ण आठवड्याची, हे आधीच लेखी विचारून घ्या.

ही मर्यादा मोडते कशाने, ते करारात नीट वाचा. दारू पिऊन बोट चालवणं, मनाई असलेल्या हद्दीत जाणं, मनाई असताना रात्री बोट चालवणं, उघड हलगर्जीपणा : अशा वेळी विमा हात वर करू शकतो. डिंगीचं, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीचं, इंजिन कुलूप न लावल्यामुळे चोरीला गेलं किंवा संडास तुंबला, तर तो खर्चही सहसा तुमच्याच माथी येतो.

अनामतीचा भार हलका करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, बोट देणाऱ्या कंपनीलाच परत न मिळणारं शुल्क भरायचं. मग अनामत कमी होते किंवा लागतच नाही. दुसरा, अनामतीचा वेगळा विमा घ्यायचा. यात अनामत आधी भरावीच लागते. कापली गेली तर कागदपत्रं देऊन विमा कंपनीकडून मागायची. अनामत क्रेडिट कार्डावर ब्लॉक होणार असेल, तर कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत ना आणि मर्यादा पुरेशी आहे ना, हे निघण्याआधी बघा.

खरी काळजी ताबा घेताना घ्यायची असते. तिथला माणूस घाईत असला तरी तुम्ही घाई करू नका. यादी हातात घेऊन प्रत्येक वस्तू मोजा. नांगराची साखळी विंचने पूर्ण खाली-वर करून बघा, डिंगीचं इंजिन स्वतः सुरू करा, शिडं उघडून शिवणी तपासा. मागच्या बाजूचे ओरखडे जास्त बारकाईने बघा, कारण ग्रीसमध्ये नांगर टाकून बोट मागे घेत धक्क्याला लावतात आणि तिथेच घासाघाशी होते. प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा, यादीत नोंद करून घ्या आणि मगच सही करा. परत देताना अनेक ठिकाणी पाणबुडा खाली उतरून कील, सुकाणू आणि पंखा तपासतो. त्या वेळी ही नोंदच तुमचा पुरावा ठरते.

नुकसान झालंच तर लपवू नका. बोट देणाऱ्या कंपनीच्या तळावर लगेच फोन करा, लॉगबुकात वेळ आणि जागा लिहा. दुसऱ्या बोटीला धडक बसली असेल तर बंदर अधिकाऱ्यांकडे नोंद करा. दाव्याला ती लागते.

शेवटचं, पण महत्त्वाचं. बोट अडकली आणि कुणी ओढून न्यायला दोर टाकला, तर तो घेण्याआधी तळाशी बोला आणि रक्कम ठरवून घ्या. संकटातली बोट वाचवणाऱ्याला सागरी कायद्याने मोबदला मागता येतो आणि तो ठरवताना वाचलेल्या बोटीची किंमतही विचारात घेतात. पण १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ज्यांचे जीव वाचले, त्यांच्यावर मोबदल्याचा बोजा पडत नाही. म्हणून माणूस धोक्यात असेल तर अनामत, विमा सगळं विसरा आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर तत्काळ मदत मागा.